उतरंडीखालचा अंधार

राजापूरजवळच्या आमच्या जुन्या घरात माजघराला एकच खिडकी आहे, तीही वीतभर. खरा उजेड येतो तो मागच्या दारातून. वैशाखातल्या दुपारी परसातलं ऊन त्या दारापर्यंत येतं आणि उंबऱ्यापाशी थबकतं. अशाच एका दुपारी मोठी काकू उंबऱ्याच्या आत बसून फणसाचे गरे काढत होती. तिच्या पाठीमागे परस, विहिरीचा रहाट, उन्हात लखलखणारं वाळत घातलेलं पांढरं धोतर. तिच्या अलीकडे, माझ्या बाजूला, माजघराचा गार काळोख : जातं, कोनाड्यातली समई, भिंतीला टेकलेली मडक्यांची उतरंड. मला हे सगळं दिसत होतं. कॅमेऱ्याला दिसेना. पहिल्या फोटोत काकू आली, पण परस पांढरंफटक झालं. एक्स्पोजर कमी करून दुसरा काढला, तर धोतराची घडीन् घडी उमटली आणि काकूची नुसती काळी आकृती उरली.

या दोन फोटोंपासून माझा छंद सुरू झाला. त्याचं नाव हाय डायनॅमिक रेंज फोटोग्राफी, बोलताना एचडीआर. ही तीन अक्षरं आता प्रत्येक मोबाइलवर असतात, त्यामुळे एचडीआर म्हणजे एखादं बटण असावं असं वाटतं. ते हाताने करून पाहिलं की त्यात केवढा विचार आहे हे कळतं, आणि त्या विचाराचीच मला ओढ आहे.

आधी अडचण किती मोठी आहे ते पाहू. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड पडतो. माजघराच्या कोपऱ्यात तो वीस-पंचवीस लक्सच असतो, म्हणजे चार-पाच हजार पटींनी कमी. त्यात वस्तूंचा स्वतःचा रंग आहे. सारख्याच उजेडात ठेवले तरी पांढरं कापड काजळी धरलेल्या तव्याच्या वीसेक पट उजेड परत पाठवतं. दोन्ही गुणले की उन्हातल्या धोतरापासून काळोखातल्या तव्यापर्यंतचं अंतर लाख पटींच्या घरात जातं. फोटोग्राफर हे अंतर स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट, चौदा स्टॉप म्हणजे १६,३८४ पट, आणि लाख पट म्हणजे जवळजवळ सतरा स्टॉप. आजचा चांगला फुल-फ्रेम कॅमेरा एका फोटोत चौदाच्या आसपास स्टॉप टिपतो. जुन्या स्लाइड फिल्मला पाच-सहा झेपायचे. कागद यात फारच गरीब आहे. चकचकीत प्रिंटवरचा सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा ठिपका यांत फार तर शंभर-दोनशे पटींचा फरक असतो, म्हणजे सातेक स्टॉप. सतरा स्टॉपची दुपार सात स्टॉपच्या कागदावर उतरवायची आहे.

मग डोळ्याला हे कसं जमतं? डोळ्याची बाहुली दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हा सोळा पटींचा, म्हणजे अवघ्या चार स्टॉपचा फरक. बाकीचं काम डोळ्याच्या आतला पडदा आणि मेंदू करतात. आपली नजर एका जागी ठरत नाही. ती धोतरावर जाते, तिथल्या उजेडाशी जुळवून घेते, मग उतरंडीवर येते, तिथे पुन्हा जुळवून घेते. या साऱ्या नजरा मेंदू एकत्र शिवतो आणि ‘मला सगळं एकदम दिसलं’ अशी आपली समजूत होते. म्हणजे एकाच दृश्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून ते जोडणं ही काही यंत्राची करामत नव्हे. पाहणं मुळात असंच चालतं.

कॅमेऱ्याच्या आत काय होतं हे समजायला पावसाळ्यातली पागोळी आठवावी. पागोळ्यांखाली ओळीने भांडी मांडली आहेत, तसे सेन्सरवर लाखो पिक्सेल मांडलेले असतात. शटर उघडं असेल तेवढा वेळ त्यांत उजेड साठतो. जिथे धार मोठी, तिथलं भांडं भरून वाहू लागतं, आणि एकदा वाहिलं की किती पाऊस पडला ते त्या भांड्यावरून कधीच कळत नाही. पांढरंफटक परस म्हणजे अशी वाहून गेलेली भांडी. ‘आकाश जळलं’ असं आपण म्हणतो तेव्हा तिथली माहितीच नाहीशी झालेली असते, नंतर कितीही काळोख ओतला तरी ढग परत येत नाहीत.

काळोख्या बाजूची अडचण वेगळी असते. उजेड थेंबाथेंबानेच येतो, फोटॉनच्या रूपात, आणि तोही अनियमित. जिथे सरासरी शंभर फोटॉन यायचे, तिथे कधी नव्वद येतात, कधी एकशेदहा. जिथे दहा हजार यायचे, तिथे चढउतार शंभराच्या आसपासच राहतो. पहिल्या ठिकाणी दहा टक्के गडबड झाली, दुसऱ्या ठिकाणी एकच टक्का. काळोखातल्या भागाला संगणकावर ओढून उजळलं की जी रवाळ कचकच दिसते, तिचं मूळ या थोड्याशा थेंबांत आहे. म्हणून एकाच फोटोतून सगळं काढायची हाव धरू नये. मोठ्या धारेसाठी भांडं क्षणभरच ठेवावं, बारीक धारेसाठी बराच वेळ ठेवावं, आणि मग प्रत्येक जागी जे भांडं नीट भरलं असेल त्याचंच माप धरावं. एचडीआरचं सगळं शास्त्र या एका वाक्यात बसतं.

ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे या फोटोग्राफरने १८५०च्या दशकात समुद्राची चित्रं काढली. तेव्हाच्या ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या रंगाला फार लवकर प्रतिसाद देत. समुद्र नीट यावा एवढा वेळ काच उघडी ठेवली की आकाश कोरं पडायचं. ल ग्रेने आकाशासाठी एक निगेटिव्ह घेतली, पाण्यासाठी दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवून एकच प्रिंट काढला. सेत इथली त्याची १८५७ सालची उसळती लाट अशीच दोन काचांतून उभी राहिली. त्या लाटेवरचे ढग त्याच वेळचे असतीलच असं नाही, तरी तो समुद्र खोटा वाटत नाही.

अमेरिकेतल्या अँसेल अ‍ॅडम्सने दुसरी वाट धरली. त्याने आणि फ्रेड आर्चरने १९४०च्या सुमाराला झोन सिस्टिम बसवली. दृश्यातल्या उजेडाच्या शून्यापासून दहापर्यंत अकरा पायऱ्या करायच्या आणि कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची हे शटर दाबण्याआधी ठरवायचं. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाशेजारून जाताना त्याला चंद्रोदय दिसला. मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर होतं आणि ते कुठल्याही क्षणी जाणार होतं. लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, तिच्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्याने एक निगेटिव्ह घेतली. दुसरीची तयारी होईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. पुढे कित्येक वर्षं तो त्या एकाच निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिला. डार्करूममध्ये कुठे हाताने उजेड अडवायचा, कुठे जास्त द्यायचा. जसजशी वर्षं गेली तसं त्याने आकाश अधिकाधिक काळं केलं. अ‍ॅडम्स पियानो शिकलेला होता, आणि निगेटिव्ह हे संगीताचं लेखन, प्रिंट हे त्याचं वादन, असं तो मानायचा. मला ही तुलना फार जवळची वाटते, कारण आपल्याकडे तर बंदिश तीच असली तरी मैफल रोज नवी असते.

संगणकाने यात जे आणलं ते मोजमाप. १९९५ साली एमआयटीतल्या स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे डिजिटल फोटो एकत्र करण्याची रीत मांडली. १९९७ साली बर्कलीच्या पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांचा निबंध आला. मलिक जबलपूरला वाढलेले, आयआयटी कानपूरला शिकलेले. स्टॅनफर्डच्या मेमोरियल चर्चच्या आतून घेतलेले एकाच जागेचे सोळा फोटो दोघांनी वापरले, सर्वांत लांब तीस सेकंदांचा, सर्वांत छोटा एक हजारांश सेकंदाचा. रंगीत काचांच्या झळाळत्या खिडक्या आणि छताखालचा काळोख, दोन्ही त्यांत होते. कॅमेरा उजेडाचं रूपांतर आकड्यांत कोणत्या वळणाने करतो, हे त्या फोटोंवरूनच शोधून काढायचं, मग ते वळण सरळ करून प्रत्येक ठिकाणाहून प्रत्यक्षात किती उजेड आला ते लिहून ठेवायचं. जी फाइल तयार झाली ती पाहण्यासाठी नव्हतीच. ते त्या चर्चमधल्या उजेडाचं दप्तर होतं, पर्जन्यमापकाच्या नोंदवहीसारखं.

हे मला खरं कळलं ते कार्ल्याला.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे. दुपार कलली की घोड्याच्या नालासारख्या मोठ्या गवाक्षातून ऊन आत शिरतं आणि टोकाच्या स्तूपाकडे सरकू लागतं. वर कातळाच्या छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. स्तूपावरची लाकडी छत्रीही जुनीच. खांबांच्या माथ्यांवर हत्तींवर बसलेली जोडपी, आणि खांबांच्या पलीकडे दोन्ही बाजूंना अरुंद वाट, जिथे ऊन कधीच पोहोचत नाही. शिल्पकारांनी हा उजेड योजून ठेवलेला आहे, हे आत पाऊल टाकताच जाणवतं.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून शालीची घडी जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला. अ‍ॅपर्चर आठ, आयएसओ शंभर, फोकस हाताने लावून मग हात न लावण्याचा निश्चय, व्हाइट बॅलन्स एकच. यातलं काहीही मध्येच बदललं तर फोटो एकमेकांवर बसत नाहीत. बदलायची ती फक्त शटरची वेळ. अ‍ॅपर्चर बदललं तर कशाकशाला धार येते तेही बदलतं, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावं. गवाक्षासाठी एक पाचशांश सेकंद पुरत होता, खांबांमागच्या वाटेला दोन सेकंद हवे होते. मध्ये हजार पटींचं, म्हणजे दहा स्टॉपचं अंतर. दोन-दोन स्टॉपच्या पायऱ्यांनी उतरत गेलं तर सहा फोटो होतात : १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२ आणि २ सेकंद. बटण दाबतानाही कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड मांडणारा आलेख, पाहायचा. सर्वांत काळ्या फोटोत आलेख उजव्या भिंतीला टेकता कामा नये, सर्वांत उजळ फोटोत डाव्या भिंतीपासून सुटलेला असावा. तेवढं झालं की दृश्य पूर्ण हाती आलं.

शेजारच्या एकवीरा देवीच्या दर्शनाला आलेली माणसं आत-बाहेर करत होती. चौथ्या फोटोत एक आजी स्तूपाजवळ होत्या, पाचव्यात खांबाशी, सहाव्यात नाहीशा. जोडल्यावर अशा माणसांच्या पारदर्शक छाया उमटतात, त्यांना घोस्ट म्हणतात. त्या जागेपुरता एकाच फोटोतला भाग घ्यायचा, हा त्यावरचा उपाय. सॉफ्टवेअर तो आपोआप करू पाहतं, पण मी हाताने करते. मी आजींना चौथ्या फोटोतून घेतलं, कारण तिथे त्या मान वर करून फासळ्या पाहत होत्या.

सहा फोटो जोडून तयार झालेली फाइल पडद्यावर उघडली की निराशा होते. ती पडद्याच्या आवाक्याबाहेरची असते, तिचा थोडासाच भाग दिसतो. आता ती कागदाच्या सात स्टॉपमध्ये बसवायची. याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि छंदातलं कला म्हणण्यासारखं जे काही आहे ते इथे आहे. सगळं सारख्या प्रमाणात दाबलं तर सगळं मावतं, पण चित्र अनेकदा धुतलेल्या लुगड्यासारखं विटकं होतं. म्हणून प्रत्येक जागेचा उजेड तिच्या शेजारपाजारच्या मानाने ठरवतात. २००२ साली एरिक राइनहार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत दिली, तिच्यात त्यांनी अ‍ॅडम्सची झोन सिस्टिम आणि डार्करूममधलं ते हाताने उजेड अडवणंच गणितात उतरवलं. २००७ साली टॉम मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी आणखी सोपी वाट काढली : मोठी फाइल करूच नका, प्रत्येक फोटोतला जो भाग स्पष्ट, रंगाने भरलेला आणि ना जळलेला ना बुडालेला असेल त्याला जास्त वजन द्या आणि थेट मिसळा. ही पद्धत एन्फ्यूज नावाच्या मोफत साधनात मिळते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हीच सुचवेन, कारण तिचे फोटो सहसा शांत येतात.

शांत या शब्दावर मी मुद्दाम थांबते. २००३ मध्ये फोटोमॅटिक्स नावाचं सॉफ्टवेअर आलं, २००५ मध्ये फोटोशॉपने फोटो जोडण्याची सोय दिली, आणि पुढची काही वर्षं जगभर एचडीआरचा पूर आला. ढग कोळशासारखे, गवत विषारी हिरवं, माणसांची कातडी चामड्यासारखी, आणि प्रत्येक छपराभोवती पांढरी प्रभा. ही प्रभा का येते तेही सांगते. शेजाऱ्यांची सरासरी काढताना छपराच्या कडेशी निम्मं आकाश आणि निम्मं छप्पर मोजलं जातं. गणिताला वाटतं इथला परिसर काळोखा आहे, म्हणून ते कडेलगतचं आकाश उजळून टाकतं. कडेपाशी सरासरी थांबवणाऱ्या पद्धतीही त्याच काळात निघाल्या होत्या, पण स्लायडर शेवटपर्यंत ओढायचा मोह अनेकांना आवरला नाही. मलाही आवरला नव्हता.

माजघराचा पहिला मोठा प्रिंट मी त्याच काळात केला. धोतराची घडी, रहाटाची दोरी, जात्याचा खुंटा, उतरंडीचं शेवटचं मडकं, सगळं सारखं उजळ. मी तो कौतुकाने काकूला दाखवला. तिने तो दारापाशी नेऊन बराच वेळ पाहिला.

“अगं, हे आपलं माजघर नव्हे,” ती म्हणाली. “आपल्या उतरंडीखाली काही दिसत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथे हात घालताना आधी पाय आपटते.”

तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. त्या काळोखाला माजघरात काम होतं. तिथे लोणच्याच्या बरण्या गार राहत, तिथे विंचवाची भीती होती, आणि त्या काळोखामुळेच दारातलं ऊन एवढं कडक दिसायचं. मी सगळीकडे उजेड सारखा वाटून दारातलं ऊनच घालवून बसले होते.

पुढे म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यातलं सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र पाहिलं, तेव्हा याचा उलगडा झाला. हळदणकर सावंतवाडीचे, आमच्याकडचे. चित्र १९४५-४६च्या सुमाराचं, जलरंगातलं, आणि समोर उभी केलेली त्यांची मुलगी. ज्योत तिने तळहाताआड धरली आहे, बोटांतून लालसर उजेड पाझरतो, चेहऱ्यावर ऊब आहे. खोलीत खरोखर दिवा लावल्यासारखं वाटतं. पण जलरंगाच्या कागदाला त्याच्या पांढरेपणाहून जास्त उजळ होता येत नाही. हळदणकरांच्या हाताशी माझ्या प्रिंटपेक्षा जास्त स्टॉप नव्हते. त्यांनी ते जपून खर्च केले. जवळजवळ सगळा कागद सावलीला दिला, आणि राखून ठेवलेला थोडासा उजेड चेहऱ्यावर आणि बोटांवर ठेवला. मी त्या चित्रापुढे तासभर उभी होते, आणि घरी येऊन माझ्या फाइली नव्याने उघडल्या.

तेव्हापासून टोन मॅपिंगला बसण्याआधी मी कागदावर लिहून काढते की या चित्रात काय दिसायचं नाही. कार्ल्याच्या फोटोसाठी लिहिलं होतं : खांबांमागची वाट. दोन सेकंदांच्या फोटोत तिथली भिंत, तिच्यावरची ओल, सगळं स्वच्छ आलं होतं. ते मी चित्रात अगदी अंधुक ठेवलं, खांब कातळात मिसळून जाऊ नयेत इतपतच. त्या सहाव्या फोटोतला उजेड मुख्यतः वर फासळ्यांना दिला. काळोख ठेवायचा असेल तर तो फोटो कशाला काढायचा, असं मला विचारतात. न मिळालेल्या आणि निवडलेल्या काळोखात फरक असतो. निवडलेला काळोख मऊ असतो, त्यात कचकच नसते, नजर टाकली तर आत काहीतरी असल्याची चाहूल लागते.

मोबाइलने यातलं बरंच काम आता आपल्या हातून घेतलं आहे, आणि ते कौतुकाने सांगावं असं आहे. २०१० साली आयफोनमध्ये एचडीआर आलं. २०१३ साली गूगलने आपल्या नेक्सस फोनमध्ये एचडीआर प्लस आणलं, त्यात तर वेगवेगळे एक्स्पोजर नव्हतेच. फोन एकामागून एक सारखेच काळसर फोटो घ्यायचा, म्हणजे कुठलंच भांडं वाहत नसे, आणि मग ते एकमेकांवर बसवून सरासरी काढायचा, म्हणजे थोड्या थेंबांची अनियमितता पुसली जाई. वेळ सारखी असल्यामुळे ते जुळवायलाही सोपे जात. सुंदर कल्पना आहे. फक्त उजेडाची वाटणी फोन स्वतः करतो, आणि ती करताना उतरंडीखालच्या मडक्याला आणि काकूच्या चेहऱ्याला तो एकाच मायेने पाहतो. बाजारात आता हजार निट आणि त्याहून जास्त झळाळणारे पडदेही आलेत. त्यांच्यावर खिडकी खरोखर चमकते, डोळे किंचित आपोआप बारीक होतात. कागदाची गरिबी तिथे उरत नाही. तरी वाटणीचा प्रश्न उरतोच.

गेल्या वर्षी मी माजघराचं चित्र त्याच जुन्या फाइलींवरून पुन्हा केलं. धोतर जवळजवळ कोऱ्या कागदाइतकं उजळ ठेवलं, एक-दोन घड्या तेवढ्या राखल्या. काकूच्या चेहऱ्याची परसाकडची बाजू उन्हात, अलीकडची बाजू फणसाच्या गऱ्यांवरून परतलेल्या पिवळसर उजेडात. समईची कड. उतरंडीची वरची दोन मडकी. तिसऱ्यापासून खाली काळोख.

काकूने ते काचेत बसवून माजघरातच, मागच्या दारासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितलं. दुपारी दार उघडं असलं की त्या काचेत परस चकाकतं आणि चित्र दिसत नाही. ते पाहायचं असेल तर काकू दार निम्मं लोटून घेते.